नळ बंद, तरी पंप मधूनच वाजतो: ट्रेलरच्या पाण्याच्या लाइनची पुन्हा पुन्हा येणारी गळती

कॅम्पिंगच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागं ओढायच्या चाकांवरच्या घरात, टाकी भरलेली आहे, सगळे नळ बंद आहेत, दिवे मालवून मंडळी आडवी झाली आहेत, आणि सिंकखालून पंप दोन सेकंद घर्रर्र वाजून गप्प होतो. थोड्या वेळानं पुन्हा वाजतो. सकाळी कपाटाच्या तळाला हात लावावा तर प्लाय गार आणि ओलसर. प्लंबर येतो, एक सांधा खोलतो, टेप गुंडाळून परत आवळतो आणि "अब नहीं टपकेगा, भाभीजी" म्हणून निघून जातो. खरंच टपकत नाही, महेश्वरला जाऊन येईपर्यंत. मग टपकतो तो शेजारचा सांधा.

पहिली गळती कुणीही काढतो. मी लिहिते आहे ते त्या शेजारच्या सांध्याबद्दल. आमचा ट्रेलर इथंच इंदुरात बांधून घेतलेला आहे, आणि तेव्हापासून ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्यांमध्ये टॉर्च घेऊन पालथं पडायचं काम कसं कोण जाणे माझ्याकडेच आलं आहे. आतापर्यंत जे पाहिलं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: चाकांवरच्या गाडीत सांधा स्वतःहून क्वचितच गळतो. कुणीतरी त्याला ओढत, ढकलत किंवा हादरवत असतं. ते तसंच ठेवून सांधा कितीही वेळा बदला, गळती फक्त घर बदलते.

घरातला दाब आणि गाडीतला दाब

आपले प्लंबर कामात कच्चे नसतात, त्यांचा हात घराला सरावलेला असतो. गच्चीवरची टाकी नळापासून सहा-सात मीटर उंच असते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार, म्हणजे घरच्या नळाला पाऊण बारसुद्धा मिळत नाही. ट्रेलरमधला १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप (रबरी पडद्यानं पाणी ढकलणारा) ४० ते ५५ पीएसआयला बंद होतो. १४.५ पीएसआय म्हणजे १ बार, तेव्हा हा दाब पावणेतीन ते पावणेचार बार झाला. घरच्या चार ते सहा पट धरा. त्यात हा पंप पाणी सलग देत नाही, ठोके देत देतो. शिवाय कमानींवर आपटणारा सांगाडा, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या कपाटात पन्नाशीच्या पुढे जाणारं तापमान. घरात वीस वर्षं गप्प राहिलेला सांधा इथं एका मोसमात हार मानतो, यात नवल नाही.

आता उठून पंपावरचं लेबल वाचा. आपल्याकडे गाडी बांधणारे पुष्कळदा शेतीच्या फवारणीचा किंवा गाड्या धुवायचा १२ व्होल्टचा पंप बसवतात, कारण तो कुठंही मिळतो आणि स्वस्त पडतो. त्यावर ०.८ किंवा १.० एमपीए असं काहीतरी लिहिलेलं असतं. १ एमपीए म्हणजे १० बार, १४५ पीएसआय. हा आकडा दिसला तर पुढचं वाचायच्या आधी पंप बदला. फवारणीच्या बारीक छिद्राला तो दाब लागतो, हात धुवायच्या नळाला नाही. कॅम्परसाठीच्या पंपावर ०.२८ ते ०.३८ एमपीएच्या आसपासचा आकडा असतो.

हे पाणी लाइनचंच आहे का

हे चटकन उरकता येतं. ओल फक्त पावसानंतर दिसत असेल तर ती छताच्या किंवा खिडकीच्या सीलंटमधून येते, लाइनचा संबंध नाही. एसी चालू असतानाच दिसत असेल तर एसीची निचऱ्याची नळी बघा. भांडी घासताना किंवा आंघोळीच्या वेळीच पाणी येतं आणि त्याला साबणाचा वास आहे, तर तो सांडपाण्याचा पाइप. त्यात दाब नसतो आणि त्याच्यामुळे पंप कधीच वाजत नाही. उभ्या गाडीत थेंब नाही पण घाट उतरला की खाली पाणी, असं असेल तर टाकीच्या भरायच्या किंवा हवेच्या नळीचा संशय घ्या. भरलेल्या टाकीत शंभर लिटर म्हणजे शंभर किलो पाणी ब्रेक दाबला की पुढं धावतं आणि सैल क्लिप असलेल्या नळीतून बाहेर येतं. खंडवा रोडच्या भेरूघाटात ही परीक्षा फुकट होते.

टाकीची शंका वेगळी काढायची असेल तर टाकी काठोकाठ भरा, पंपाचं बटण बंद करा आणि पातळीवर मार्करनं रेघ मारून झोपा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर दोष टाकीत, टँक निपलात (टाकीला नळी जोडायच्या तोटीत) किंवा पंपापर्यंतच्या नळीत आहे. पातळी एका ठरावीक उंचीला येऊन थांबली असेल तर त्याच उंचीचा निपल बघा. टँक निपल गळतो तो बहुतेक वेळा रबर वॉशर फाजील आवळून चेपल्यामुळे. तेव्हा आणखी आवळू नका, वॉशर बदला.

पंप वाजतो, पण पाणी कुठंच दिसत नाही

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हाच, आणि इथंच लोक घाईनं भिंतीच्या फळ्या उखडायला बसतात.

बंद नळांच्या लाइनमध्ये पंप पुन्हा सुरू होतो तो एकाच कारणानं: दाब उतरला. पण दाब उतरायला गळतीच लागते असं नाही. पंपाच्या तोंडाशी आत एक झडप असते, गेलेलं पाणी मागं येऊ न देणारी. तिच्याखाली वाळूचा कण किंवा क्षाराची खपली अडकली की पाणी गुपचूप टाकीत परतते. बाहेर एक थेंब नाही, टाकीची पातळीही तीच, आणि पंप मात्र रात्रभर वाजतो. आपल्याकडे हे फार होतं. नर्मदेच्या नळाचं पाणी निदान गाळून आलेलं असतं, बोरिंगचं पाणी क्षारांनी जड असतं आणि सोबत बारीक कचही आणतं. पंपाच्या आधी जाळी नसेल तर आजच बसवा, असेल तर तिची वाटी खोलून धुवा.

झडपेचा दोष पकडायला पंपाच्या लगेच पुढं एक बॉल व्हॉल्व्ह हवा. नसेल तर एकदाचा बसवून घ्या, पुढचं सगळं शोधकाम त्याच्यावर चालतं. पंप दाब भरून बंद झाला की हा व्हॉल्व्ह फिरवून बंद करा. तरीही पंप मधूनमधून वाजत राहिला, तर दोष पंपातच. वाजायचा थांबला, तर पुढच्या लाइनमध्ये. याची दुसरी बाजूही माहीत असू द्या: बाहेरच्या नळाचं पाणी जोडलेलं असताना, पंप बंद असूनही टाकी आपोआप भरत असेल आणि ओव्हरफ्लोतून वाहत असेल, तरी गुन्हेगार तीच झडप.

झडप निघून हाताशी आली तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, मऊ ब्रशनं घासा, परत बसवा. रबराची कड कुरतडल्यासारखी दिसली तर मात्र धुण्यात अर्थ नाही. पंपाचं डोकं आणि मोटर यांच्या फटीतून पाणी येत असेल तर डायफ्रॅम फाटलेला असतो किंवा डोक्याचे स्क्रू कंपनानं सैल झालेले असतात. आधी स्क्रू बघा.

आता थोडं गीझरबद्दल, कारण यात लोक हकनाक हैराण होतात. गीझर बंद करून झोपलात की आतलं पाणी निवतं आणि आकसतं. १५ लिटरचा गीझर ६० अंशांवरून ३० अंशांपर्यंत आला की सुमारे १९० मिलिलिटर जागा रिकामी होते. तेवढ्यानं दाब उतरतो आणि रात्रीतून पंप एखाद-दोन वेळा वाजतो. ही गळती नव्हे. उलट पाणी तापताना तेवढंच फुगतं, आणि पुढं-मागं दोन्हीकडे झडपा असल्यामुळे त्याला जायला वाव नसतो, म्हणून गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो. तोही बिचारा त्याचं काम करत असतो. कृपा करून त्याच्या तोंडाला बूच मारू नका. हे एका गाडीत पाहिलं आहे आणि तिथून मी दोन पावलं मागं सरले होते. सगळ्या चाचण्या गीझर थंड असताना करा.

आणखी दोन लपलेल्या जागा. एक, बाहेरून पाणी जोडायच्या तोंडातही एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, असतो, आणि पाणी पंपावरून घेत असताना तो पाझरला तर पाणी गाडीच्या बाहेर पडतं. आत शोधून शोधून थकलेल्या माणसानं बाहेरचं झाकण उघडून बघितलेलंच नसतं. दुसरी, टॉयलेटचा जेट. घरात आपण त्याचा अँगल कॉक कायम उघडा ठेवतो, कारण पाऊण बारला त्याची नळी टिकते. तीन-साडेतीन बारच्या सततच्या दाबाखाली तिचं टोपण पाझरतं किंवा नळी फुटते, आणि पाझरलेलं पाणी कमोडमध्ये उतरत असेल तर ओल कुठंच दिसत नाही. जेटचा कॉक वापरानंतर बंद करायची सवय सगळ्यांना लावा. आमच्याकडे दारावर चिठ्ठी आहे, तरी पाहुणे विसरतात.

लाइनमध्येच आहे, पण कुठं

ज्या दुकानात आरओचं आणि बोरिंगचं सामान मिळतं, तिथून ७ बारपर्यंतचा साधा प्रेशर गेज आणा. इंदूरच्या सियागंज-राणीपुरा बाजारात दोन-चारशे रुपयांत मिळून जातो. सिंकच्या नळाशी एक टी घालून तो कायमचा बसवला तर उत्तम. दाब भरा, पंपाचं बटण आणि तो बॉल व्हॉल्व्ह बंद करा, अर्धा तास काटा बघा. काटा हलला नाही तर लाइन धडधाकट आहे. उतरला तर गीझरकडे जाणारा कॉक बंद करून पुन्हा तेच. आता टिकला, तर दोष गरम बाजूला. एक सावधानता: एकाच दांड्याचा मिक्सर असेल तर थंड-गरम लाइनी त्याच्या पोटात एकमेकींना भेटू शकतात आणि चाचणी फसवते. शंका आली तर मिक्सरचे दोन्ही अँगल कॉकही बंद ठेवा.

यानंतर सांधे. डोळ्यांवर विसंबू नका. पाणी जिथं निघतं तिथं पडत नाही; पाइपाच्या पोटाखालून सरकत सरकत सखल जागेपर्यंत जातं आणि तिथं थेंब होऊन सुटतं. एका गाडीत पलंगाखाली, क्लॅम्पपाशी ओल होती, आणि दोघांनी त्या क्लॅम्पजवळचा एल्बो बदलून घेतला होता. पलंग उचलून आडवं पडून टॉर्च पाइपाला समांतर धरला, तेव्हा पाइपाच्या खालच्या अंगाला ओलसर रेघ चमकली. ती धरून मागं मागं गेलं तर बाथरूमच्या भिंतीआड, हात जेमतेम पोचेल अशा जागी, पितळी नटाच्या आट्यांवर पांढरी खडबडीत कड जमलेली, तिला खालून हिरवट छटा. थेंब तिथं जन्मत होता आणि दोन फूट चालून क्लॅम्पपाशी पडत होता. बोरिंगच्या जड पाण्याचा हा एकच उपकार: ते आपल्या वाटेवर क्षाराची खूण ठेवून जातं. कोरडा सांधा असला तरी पांढरी कड दिसली की समजावं, इथून पाणी येऊन गेलं आहे.

जिथं खूण नाही तिथं टिश्यू पेपर. प्रत्येक सांधा पुसून कोरडा करा, भोवती टिश्यूची पट्टी गुंडाळा, आणि पट्टीवर मुलांच्या पाण्याच्या स्केचपेननं एक ठिपका काढा. रात्रभर दाब ठेवा. अर्धा थेंबही आला तरी सकाळी ठिपका पसरलेला दिसतो, पेपर तोवर सुकला असला तरी. ही सगळी झटापट करताना २३० व्होल्टची जोडणी बाहेरून काढून ठेवा. ओला प्लाय, गीझरची वायर आणि पालथा पडलेला माणूस हे एकत्र नकोत.

पंपाच्या आधीची, टाकीकडची बाजू वेगळ्या तऱ्हेनं वागते. तिथं पंप चालू असताना पाणी बाहेर न येता हवा आत ओढली जाते. नळ थुंकल्यासारखा पाणी देतो आणि पंप उगाच लांबवर चालतो. बहुतेक वेळा जाळीच्या वाटीची रिंग नीट बसलेली नसते.

सांधा करताना

आपल्याकडच्या गाड्यांत पाइपांचे तीन प्रकार सापडतात, कधी कधी एकाच गाडीत तिन्ही. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत राखाडी पॉलिब्यूटिलीनचा पाइप वापरत. तो आणि त्याचे सांधे इतके दगा देऊ लागले की त्याचं उत्पादनच थांबलं. तिकडून आलेला जुना ट्रेलर कुणाकडे असेल आणि आत राखाडी पाइप दिसला, तर डागडुजी करत बसू नका, लाइनच बदला.

पहिला प्रकार सीपीव्हीसी, गरम पाण्यालाही चालणारा कडक प्लास्टिकचा पाइप. हा आपल्या प्लंबरांचा लाडका, आणि गाडीत सगळ्यात कटकटीचा, कारण तो वाकत नाही. तीन मीटरची सरळ लाइन २० अंशांवरून ५० अंशांवर गेली की सहा मिलिमीटरच्या आसपास लांब होते, आणि दोन्ही टोकं जखडलेली असतील तर ते सहा मिलिमीटर एल्बोवर निघतात. तोच ठेवायचा असेल तर निदान सोल्युशन सीपीव्हीसीचंच वापरा, पीव्हीसीचं नको. डबा उघडल्यावर सोल्युशन जेलीसारखं घट्ट झालेलं दिसलं तर डबा फेका. त्यात थिनर टाकून चालवणारे असतात, त्यांना हात जोडा. पाइप आणि सॉकेट कोरडे, दोन्हीकडे पातळ हात, पाव वळण देऊन अर्धा मिनिट दाबून धरणं, आणि मग रात्रभर पाणी सोडायचं नाही. "एक घंटे में चालू कर लो" हे गच्चीच्या टाकीवर खपतं. इथं नाही.

दुसरा प्रकार पेक्स (लवचिक प्लास्टिकचा) किंवा कंपोझिट पाइप. गाडीसाठी माझी पसंती पेक्सला. तो वाकतो, कंपन पचवतो, आणि लांब तुकडा मिळत असल्यामुळे सांधे कमी होतात. जो सांधा नाहीच तो गळतही नाही. पेक्स कापताना करवत नको, पाइप कटर हवा; तोंड तिरकं राहिलं की आतली रिंग अर्धवटच बसते. दाबून बसवायच्या फिटिंगमध्ये पाइप किती आत जायला हवा ते आधी मोजून पाइपावर मार्करची खूण करा. खूण बाहेर दिसत राहिली तर पाइप पोचलेला नाही, हाताला कितीही घट्ट वाटो. पाइपाच्या त्या शेवटच्या इंचावर नखानंही जाणवेल असा ओरखडा असेल तर तेवढा तुकडा कापून टाका. रिंग त्याच ओरखड्यावर बसते आणि वर्षभर हळूहळू पाझरत राहते. तांब्याचं कडं दाबून बसवायचं असेल तर ते पाइपाच्या टोकापासून तीन ते सहा मिलिमीटर आत असू द्या.

तिसरा, जाळीदार रबरी नळी आणि क्लिप. क्लिप इतकी आवळू नका की नळीत रुतेल. रुतलेली क्लिप पहिल्या उन्हाळ्यात नळी कापते.

टेफलॉन टेपबद्दल एवढंच: टेप आट्यांना लागते, वॉशरला नाही. कनेक्शन पाइपाच्या ज्या नटात रबर वॉशर आहे तिथं टेप गुंडाळली तर नट पूर्ण बसत नाही, वॉशर दाबला जात नाही, आणि टेपमुळेच गळती सुरू होते. पितळी आटे प्लास्टिकच्या मादी फिटिंगमध्ये जाड टेप लावून पान्यानं आवळणं म्हणजे फिटिंगला केसाएवढी चीर पाडणं. ती चीर त्या दिवशी दिसत नाही. प्लास्टिकला हातानं घट्ट आणि वर पाव-अर्धा फेरा, बस्स. एम-सील वाटेतल्या रात्रीपुरतं ठीक आहे. दाबाखालच्या ओल्या पाइपावर ते धरत नाही, म्हणून आधी पंप बंद, लाइन रिकामी, पाइप कोरडा.

खरं काम: पाइप बांधणं

आता त्या शेजारच्या सांध्याकडे या. गळका सांधा दुरुस्त झाल्यावर पंप चालू करा, कुणाला तरी नळ उघडायला सांगा, आणि पाइपावर हात ठेवा. पाइप थरथरत असेल, उडत असेल, फळीवर टकटक करत असेल, तर पुढची गळती कुठं येणार ते तुमच्या हाताखाली आहे.

पहिला सुधार पंपापाशी. बहुतेक गाड्यांत पंपाच्या तोंडातच सीपीव्हीसीचा एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) घातलेला असतो आणि तिथून कडक पाइप सरळ निघतो. पंपाचा प्रत्येक ठोका त्या पहिल्या एल्बोवर बसतो. पंपाच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट लवचिक नळी घाला, किंचित झोल देऊन. पंपाचे रबरी पाय स्क्रूनं चिरडलेले असतील तर स्क्रू सैल करा. पाय दबले की रबर असून नसल्यासारखंच. एवढ्यावरच अनेक गाड्यांची रात्रीची घरघर निम्मी होते, हा वरचा फायदा.

मग क्लॅम्प. आत रबर असलेले क्लॅम्प दर फूट-सव्वा फुटावर, आणि प्रत्येक एल्बो-टीच्या दोन्ही अंगांना. पेक्स वाकून जागा करून घेतो. सीपीव्हीसीला आधार द्या पण जखडू नका, लांबीच्या दिशेनं सरकायला जागा असावी. पाइप जिथं पत्र्यातून किंवा प्लायच्या भोकातून जातो तिथं रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची कड वर्षभरात पाइप कापते. नळसुद्धा बघा. सिंकचा नळ हलवल्यावर खालचा पाइप हलत असेल, तर तुम्ही रोज हात धुताना तो सांधा पिरगाळता आहात. नळाला खालून धरणारा चेक नट घट्ट करा, गरज पडली तर सिंकखाली प्लायची एक पट्टी देऊन नळाला पाठबळ द्या.

शेवटी दाब. पंपाच्या प्रेशर स्विचवर एक छोटा स्क्रू असतो. गेज समोर ठेवून तो पाव पाव फेरा उलटा फिरवला की बंद होण्याचा दाब उतरतो. ४० पीएसआयला आंघोळ छान होते, ५५ चा हट्ट कशाला. फार उतरवलात तर पंप नळ चालू असताना सतत चालू-बंद करत राहील. तसं झालं की थोडा परत चढवा. जागा असेल तर लिटरभराचा अॅक्युम्युलेटर बसवा. त्यातली हवेची पिशवी ठोके पचवते आणि गीझरचं फुगलेलं पाणीही सामावून घेते. हवा भरताना लाइनचा दाब पूर्ण सोडायचा आणि पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या किंचित खाली ठेवायची. सायकलचा पंप आणि गाडीच्या टायरचा गेज पुरतो.

पण हे सगळं करून तुम्ही ढाब्यावर थांबलात आणि मालकानं प्रेमानं डायरेक्ट बोरिंगचा पाइप हातात दिला, तर? तो ट्रेलरच्या तोंडाला जोडू नका. शेकडो फूट खालून पाणी वर फेकणाऱ्या सबमर्सिबलला पुढं तोंड बंद मिळालं की दाब कुठवर चढेल याला तुमच्या लाइनच्या हिशोबात मर्यादा नाही. पाइप उघड्या तोंडानं टाकीत सोडा, टाकी भरा, पाणी पंपानंच घ्या. मोठ्या सोसायटीच्या प्रेशर पंपावर जोडायचंच असेल तर मध्ये ३ बारचा रेग्युलेटर हवा.

काम झाल्यावर लगेच फळ्या ठोकू नका. एकदा मांडूपर्यंत जाऊन या, आल्यावर टिश्यूचे ठिपके बघा, क्लॅम्पचे स्क्रू फिरवून बघा, एक-दोन सैल निघतातच. ओला झालेला प्लाय उन्हात दोन-तीन दिवस उघडा ठेवा; स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून बघितली की कुजलेला भाग बद्द वाजतो. तो कापून काढावा लागतो, आणि बदलताना बाजारातला साधा एमआर प्लाय (फक्त दमटपणा सोसणारा) घेऊ नका, आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. पाइपासमोरची फळी खिळ्यांऐवजी स्क्रूवर बसवा.

पाश्चात्त्य माहितीपत्रकांत पानंच्या पानं गोठलेल्या पाण्यानं फुटणाऱ्या पाइपांवर असतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, ते खरं, पण इंदुरात हा प्रश्न येत नाही. हिवाळ्यात स्पितीकडे जाणार असाल तेवढ्यापुरती लाइन, पंप आणि गीझर पूर्ण रिकामे करा. आपल्याकडे त्या जागी उंदीर आहेत. पावसाळ्यात गाडी चार महिने एका जागी उभी राहिली की ते कोरड्या कपाटात येतात आणि पेक्स किंवा रबरी नळी कुरतडतात, आणि दातांची खूण नेमकी पाइपाच्या मागच्या बाजूला असते. म्हणून बंद ठेवताना पाइप जिथून आत येतात ती भोकं स्टीलच्या काथ्यानं बुजवा, लाइन रिकामी करून नळ उघडे ठेवा. दिवाळीला गाडी काढताना आधी थोडंच पाणी भरून पंप चालवा आणि आरसा-टॉर्च घेऊन पाइपांची मागची बाजू बघा. काही जण टायरच्या पंपानं लाइनमध्ये हवा भरून फुसफुस ऐकतात. पेक्सवर हलक्या दाबाला चालून जातं, सीपीव्हीसीवर हा प्रयोग नको. हवेच्या दाबानं फुटला तर त्याचे तुकडे उडतात. त्याची तपासणी पाण्यानंच करा.